अनेक प्रती, एक संहिता : प्रतिरूप डेटाबेसमधील नोडांची व्यवस्था

प्रती वाढल्या की पाठभेदही वाढतात, हे पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला सांगावयास नको. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, ती याच कारणाने. आज शब्दकोश, ग्रंथसूची व हस्तलिखितांच्या वर्णननोंदी संगणकीय डेटाबेसमध्ये जात असताना हा जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. अनेक प्रती राखायच्या, पण संहिता मात्र एकच ठेवायची, हे कसे साधते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

माहिती एकाच संगणकावर ठेवणे धोक्याचे असते. म्हणून तिच्या प्रती तीन किंवा पाच सर्व्हरांवर ठेवतात. अशा प्रत्येक सर्व्हरला नोड म्हणतात. त्यांपैकी एक प्रमुख असतो. प्रत्येक बदल प्रथम त्याच्याकडे येतो. तो बदलांची क्रमवार नोंद ठेवतो आणि इतरांना पाठवितो. प्रमुख बंद पडल्यास उरलेले नोड नवा प्रमुख निवडतात.

अडचण येथेच उद्भवते. एखाद्या नोडकडून उत्तर आले नाही, तर तो बंद पडला की केवळ मधला संपर्क तुटला, हे इतरांना निश्चितपणे कळत नाही. संपर्क तुटून दोन्ही बाजूंना एकेक प्रमुख उभा राहिला, तर एकाच ग्रंथाच्या दोन वाचना सुरू होतात. यावरील उपाय बहुमताचा होय. लेस्ली लॅम्पोर्ट यांची १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली पॅक्सॉस पद्धती आणि ओंगारो व औस्टरहाउट यांची २०१४ मधील राफ्ट पद्धती, या दोहोंचा पाया हाच आहे. पाचांपैकी कोणतेही दोन त्रिकूट घेतले, तरी त्यांत किमान एक नोड समान असतो. मागील निर्णयाचा हा साक्षीदार दुसऱ्या त्रिकूटात असतोच. नोडांची संख्या सहसा विषम ठेवतात, तीही यामुळेच. चारांचे बहुमत तीन असल्याने चार नोडांतही एकच गमावणे परवडते, आणि तेवढे तर तिघांतही साधते.

मात्र बहुमत कशासाठी घेतले, हे पाहणे अगत्याचे आहे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या अमेरिकन संस्थेच्या पूर्व किनाऱ्यावरील मुख्य केंद्राचा संपर्क देखभालीच्या कामात ४३ सेकंद तुटला. तेव्हा नोडांवर देखरेख करणाऱ्या यंत्रणेने बहुमताने पश्चिम किनाऱ्यावरील डेटाबेसांकडे प्रमुखपद सोपविले. निवड नियमानुसारच झाली. परंतु पूर्वेस स्वीकारलेले शेवटचे काही बदल पश्चिमेस पोहोचलेच नव्हते, आणि पश्चिमेस तर नवे बदल नोंदले जाऊ लागले होते. सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. प्रमुखाच्या निवडीला बहुमताचा आधार होता, प्रत्येक नोंदीच्या स्वीकाराला नव्हता.

नोडांची संख्या बदलणे हेही तितकेच नाजूक काम आहे. तीन नोडांचे पाच एकदम केले, तर काही क्षण जुन्या यादीवर चालणारे दोन आणि नव्या यादीवर चालणारे तीन, अशी परस्परांशी संबंध नसलेली दोन बहुमते संभवतात. म्हणून एका वेळी एकच नोड वाढवावा किंवा काढावा, हा सोपा मार्ग आहे. नवा नोड आधीच्या सर्व नोंदी उतरवून घेईपर्यंत त्याला मताधिकार न देणे इष्ट. कायमच्या बंद पडलेल्या नोडचे नाव यादीतून काढणेही आवश्यक असते. ते राहिल्यास बहुमताच्या हिशेबात तो विनाकारण मोजला जातो.

या व्यवस्थेची एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. हस्तलिखितांच्या लेखनिकांचे प्रमाद वेगवेगळे असतात. त्यामुळेच प्रती ताडून मूळ पाठाकडे जाता येते. १९६६ मध्ये पूर्ण झालेली भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती अशाच तुलनेवर उभी आहे. प्रतिरूप डेटाबेसमध्ये मात्र चुकून पुसलेली नोंद सर्व नोडांवरून तितक्याच निष्ठेने पुसली जाते आणि ताडून पाहण्यास पाठभेद उरत नाही. म्हणून ठराविक काळाने वेगळी प्रत काढून ती या व्यवस्थेबाहेर ठेवणे अपरिहार्य आहे. आपला संग्रह संगणकाच्या स्वाधीन करणाऱ्या अभ्यासकाने प्रती किती, एवढेच विचारून थांबू नये. बदल केव्हा स्वीकृत मानला जातो आणि कालची संहिता आज परत मिळते काय, हेही त्याने विचारावे.