ढेकूण झाले तर लपवू नका, आणि गोळ्या घरात आणू नका

दहावीला बसलेली एक मुलगी अंगावरचे चट्टे दाखवायला आमच्याकडे आली. आईनेच आधी सांगून टाकलं, "उष्णता झालीय, ताई." हात, मान, पोटऱ्या, म्हणजे जिथे कपडा नव्हता तिथेच गांधी, त्याही दोन-तीन एका रांगेत. रात्री झोप लागते का, असं विचारलं तर मुलगी आईच्या तोंडाकडे बघायला लागली. संध्याकाळी आम्ही घरी गेलो. पलंगाची फळी उचलली, तर खिळ्यांच्या भोकांभोवती पेनाने टिंबं द्यावीत तसे काळे डाग. आई हळूच म्हणाली, "कुणाला सांगू नका. पोरीचं लग्न व्हायचंय."

ढेकणांइतकीच ही लाज चिवट आहे. वस्ती म्हणजे घाण, असं बाहेरचे बोलतात आणि ऐकून ऐकून आपणही ते मनात धरतो. ढेकणाला घाण लागत नाही. त्याला रक्त लागतं आणि दडायला फट लागते, बस. 2023 साली पॅरिससारख्या शहरात ढेकणांवरून एवढा गोंधळ झाला की तिथल्या सरकारला बैठका घ्याव्या लागल्या. आपल्याकडे ते टिकतात, कारण एका खोलीत सहा-सात माणसं झोपतात, शेजारच्याची आणि आपली भिंत एकच असते, आणि गादी फेकून नवी आणायला पैसे नसतात. यात त्या माउलीचा काय दोष?

पण लपवल्यामुळे काय होतं ते सांगतो. त्याच गल्लीत एका घराने गुपचूप उपाय केला. धान्यात ठेवायच्या गोळ्या कुठून तरी आणल्या, गादीखाली ठेवल्या, दार बंद करून सगळे नातेवाइकांकडे निघून गेले. त्यांना काही झालं नाही. पत्र्याच्या पलीकडे जमिनीवर झोपलेली शेजारची दोन मुलं रात्री ओकायला लागली. पोटात काहीतरी वावगं गेलं असं समजून घरच्यांनी आधी साखर-पाणी पाजलं. आम्ही पोहोचलो तेव्हा धाकट्याला श्वास घेता येत नव्हता. चार दिवस तो अतिदक्षता विभागात होता. वाचला.

या गोळ्यांना हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असतो, फटीफटीतून शिरतो आणि खाली झोपलेल्यांना आधी गाठतो. कधी लसणासारखा, कधी सडक्या मासळीसारखा वास येतो, पण वास आला नाही म्हणजे वायू नाही असं समजू नका. त्यावर उतारा नाही, डॉक्टर फक्त शरीराला आधार देतात. सामान्य माणसाला या गोळ्या विकायच्याच नाहीत असा नियम असूनही त्या मिळतात. कुणी आणून दिल्या तरी घेऊ नका. शेजारी कुणी वापरल्याचं कळलं तर भांडत बसू नका, मुलांना घेऊन मोकळ्यावर या. उलटी, छातीत दुखणं, धाप, काहीही असलं तरी 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना गोळ्यांचं स्पष्ट सांगा. शेतातली फवारणीची औषधंही घरात मारायची नाहीत. रॉकेल-डिझेल ओतणाऱ्यांनी त्याच खोलीत आपला गॅस आहे हे आठवावं.

आता ढेकणाविषयी. मोठा ढेकूण सफरचंदाच्या बी एवढा, अंडं मात्र जेमतेम एक मिलिमीटर, पांढरं आणि लाकडाला चिकटलेलं. साधारण आठवडा-दहा दिवसांत त्यातून पिल्लू निघतं. मोठं होईपर्यंत ते पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक वेळी त्याला रक्त प्यावं लागतं. न खाता ढेकूण कित्येक महिने जगतो, म्हणून घर महिनाभर बंद ठेवून काही साधत नाही. पूर्वी डीडीटीने ते मेले, मग थोड्याच वर्षांत त्यांना डीडीटी पचायला लागलं. आज दुकानातल्या बऱ्याच फवाऱ्यांचं तेच झालंय. नुसता फवारा मारला की काही मरतात आणि उरलेले शेजारी जातात.

उष्णतेपुढे मात्र त्यांचं चालत नाही. 50 अंशांच्या वर नीट ताप लागला की ढेकूण मरतो, अंडीही मरतात. म्हणून उकळतं पाणी हे आपलं औषध. बाज, पलंग, स्टूल बाहेर काढा आणि सांध्यात, भोकात, निवारीच्या विणीत सावकाश ओता, पोरांना लांब ठेवून. लोखंडी कॉटच्या पोकळ पाइपात तर हमखास ओता. चादरी, गोधड्या, उशीचे अभ्रे कडकडीत पाण्यात अर्धा तास भिजवा. गादीच्या शिवणीवरून गरम इस्त्री दाबून फिरवा. नुसती खाट उन्हात टाकली तर ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो, एवढंच. धुता न येणारे कपडे काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत पातळ थर करून, तोंड बांधून, मे महिन्याच्या उन्हात दिवसभर पत्र्यावर ठेवा. भिंतीच्या भेगा पांढऱ्या सिमेंटने बुजवा. फोटोच्या चौकटीमागे, कॅलेंडरमागे, विजेच्या पट्टीमागेही बघा, पण तिथे पाणी नको. मग पलंग भिंतीपासून वीतभर लांब ओढा आणि पायांखाली साबणाच्या पाण्याच्या वाट्या ठेवा. ते पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर ढेकूण जाऊन डास यायचे. जमिनीवर झोपणाऱ्यांनी सकाळी अंथरूण झटकून गोणीत घालून तोंड बांधावं.

हे सगळं दहा दिवसांनी पुन्हा करायचं, आणि त्यानंतर आणखी एकदा. पहिल्या फेरीत हुकलेली अंडी तोवर फुटलेली असतात. बहुतेक घरं इथेच कंटाळतात. फवारणीवाला बोलवायचाच असेल तर परवानाधारक बोलवा, औषधाचं नाव कागदावर लिहून घ्या, आणि दुसऱ्या खेपेचं आधीच ठरवा. आणि एकट्याच्या घरात नको, सगळ्या ओळीत एकाच दिवशी.

ढेकूण येतात कुठून? लग्नातल्या भाड्याच्या गाद्यांतून, स्लीपर बसमधून, भंगारातून स्वस्तात आणलेल्या सोफ्यातून, वसतिगृहातून सुट्टीला आलेल्या मुलाच्या ट्रंकेतून, ऊसतोडीवरून परतलेल्या अंथरुणातून. दसऱ्याला दीक्षाभूमीला, 6 डिसेंबरला दादरला जातो तेव्हाही मुक्काम दहा ठिकाणचा असतो. लॉजवर गेलात तर पिशवी पलंगावर टाकण्याआधी मोबाइलचा उजेड लावून गादीची शिवण बघा. पिशवी खुंटीला किंवा टेबलावर ठेवा, प्रवासात तिचं तोंड बांधलेलं असू द्या. घरी आल्यावर ती ओट्यावरच रिकामी करा आणि कपडे तिथूनच गरम पाण्यात टाका. सासूबाई हसतील, हसू द्या.

चावल्यामुळे एड्स किंवा कावीळ होते, असं आम्हाला नेहमी विचारतात. ढेकणामुळे माणसाला असा आजार लागल्याचा पुरावा नाही. पण फार झाले तर लहान मुलांचं रक्त कमी होतं, आणि खाजवून जखमा पिकतात. साबणाने धुवा, गार पाण्याची पट्टी ठेवा, नखं कापा. चुना लावू नका, मेडिकलवाल्याने दिलेली कसलीही ट्यूब लावू नका. बोटांच्या बेचक्यात, कमरेभोवती खाज असेल तर ती बहुधा खरूज. तिचं औषध वेगळं, आणि ते घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं असतं.

त्या मुलीच्या आईला आम्ही एकच विनंती केली, शेजारणीला सांगा. दोन दिवस ती गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिने सांगितलं, तेव्हा शेजारीण म्हणाली, "आमच्याकडे तर दिवाळीपासून आहेत!" पुढच्या रविवारी अकरा घरांच्या खाटा गल्लीत आल्या. पाणी तापवायला समाजमंदिरातलं लग्नाचं मोठं पातेलं काढलं होतं.