संगणकाचे ड्रायव्हर कोठून घ्यावेत?

प्रिंटर, स्पीकर, वाय-फाय यांच्याकडून संगणकाला काम करून घेता येते ते ड्रायव्हर नावाच्या छोट्या प्रोग्रॅममुळे. ‘तुमचे ड्रायव्हर जुने झाले, येथे दाबा’ अशी पाटी पडद्यावर आली की पुष्कळजण दाबून मोकळे होतात. दाबू नये. ड्रायव्हरचा हात संगणकाच्या गाभ्यापर्यंत पोचतो. त्या नावाखाली भलतेच काही आत शिरले तर बँकेचा पासवर्डसुद्धा जाईल. फुकट तपासून मग पैसे मागणारे प्रोग्रॅमही नकोत. बेणे आपण वाटसरूकडून घेतो का?

विंडोज ११ असल्यास सेटिंग्जमधील विंडोज अपडेट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स या क्रमाने आधी पाहावे. तेथे न मिळाल्यास लॅपटॉपच्या खालच्या बाजूचा मॉडेल नंबर लिहून घेऊन त्याच कंपनीच्या वेबसाइटवरून घ्यावा. पत्ता स्वतः टाईप करावा, कारण गुगलवर सर्वांत वर दिसते ती बरेचदा जाहिरात असते. असेंबल केलेला संगणक असेल तर मदरबोर्डची कंपनी पाहावी.

सगळे नीट चालले असेल तर उगाच हात लावू नका. नव्या ड्रायव्हरने बिघडलेच, तर डिव्हाइस मॅनेजरमधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने बहुधा जुना परत आणता येतो.

– ऊस विकास अधिकारी