धुरावरून आग, आगीवरून धूर नव्हे

‘यात काही लॉजिकच नाही’ हे वाक्य आपण सिनेमाच्या शेवटापासून सोसायटीच्या पार्किंगच्या नियमापर्यंत कशावरही फेकतो. बहुतेक वेळा म्हणायचं एवढंच असतं, की मला हे पटलं नाही. नियम गैरसोयीचा असेल, गोष्ट अशक्य असेल. पण त्यात लॉजिकचा, म्हणजे तर्कशास्त्राचा, दोष असेलच असं नाही. या शास्त्राचं काम फार मर्यादित आहे. अमुक मान्य केलं तर तमुक मान्य करावंच लागतं का, एवढंच ते तपासतं.

गैरसमज : जे लॉजिकल, ते खरं.

तसं नसतं, हे बँकेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना चांगलं ठाऊक असतं. ‘रीझनिंग’च्या पेपरात सिलॉजिझमचे प्रश्न असतात आणि वर सूचना असते, की दिलेली विधानं वस्तुस्थितीशी विसंगत वाटली तरी खरी धरा. सर्व आंबे पक्षी आहेत, सर्व पक्षी पुस्तकं आहेत. म्हणून सर्व आंबे पुस्तकं आहेत. निष्कर्ष निघतो, मार्क मिळतो. एकही वाक्य खरं नाही, तरी सांधा पक्का. उलट बाजूने पाहा : काही फळं आंबट असतात, लिंबू हे फळ आहे, म्हणून लिंबू आंबट. तिन्ही वाक्यं खरी, पण त्यातलं ‘म्हणून’ खोटं; लिंबाच्या जागी केळं घाला म्हणजे कळेल. समोरच्याच्या युक्तिवादातली चूक पकडली की त्याचं म्हणणंही खोटं ठरलं, असं मानणाऱ्या वादपटूंनी हे लिंबू जवळ बाळगायला हरकत नाही.

गैरसमज : लॉजिक म्हणजे कॉमन सेन्सच की.

पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये एक साधं कोडं मांडलं. अक्षरं मराठी करून ते असं : टेबलावर चार पत्ते आहेत, त्यांवर दिसतंय अ, क, 4 आणि 7. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो. नियम पाळला गेलाय का, हे पाहायला कोणते पत्ते उलटावेच लागतील?

बरेच जण म्हणतात अ आणि 4. अ बरोबर आहे. पण 4 च्या मागे क निघाला तरी काही बिघडत नाही; सम अंकामागे स्वर हवा असं नियमात कुठे आहे? उलटायला हवा तो 7. त्याच्या मागे स्वर निघाला, की नियम मोडला. भलेभले शिकलेले लोक इथे फसतात.

पुढची गोष्ट मला जास्त रंजक वाटते. 1982 मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी अमेरिकेत हेच कोडं वेगळ्या कपड्यांत दिलं. नियम : बिअर पिणाऱ्याचं वय 19 च्या वर हवं. पत्ते : बिअर, कोक, 22, 16. आता बहुतेकांनी अचूक सांगितलं, बिअर पिणारा तपासा आणि 16 वर्षांचा तपासा. रचना तीच. म्हणजे आपला कॉमन सेन्स ओळखीच्या मुलखात चालतो. नुसता सांगाडा समोर आला की अडखळतो.

गैरसमज : लॉजिक ग्रीकांनी शोधलं, आपल्याकडे होतं ते अध्यात्म.

ॲरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात त्याची शिस्त बसवली, हे खरं. पण भारतातल्या न्यायदर्शनाने प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशी पाच पायऱ्यांची स्वतंत्र मांडणी केली. पर्वतावर आग आहे, कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. मग नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, बजावतात, की हे उलटं फिरवू नका. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर कुठे आहे? धुराला ओलं जळणही लागतं. या जादा अटीला ते उपाधी म्हणतात. 4 चा पत्ता उलटणारा माणूस नियम उलटा फिरवण्याची हीच चूक करत असतो.

मात्र ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ हेही चालणार नाही. नैयायिकाला खरं ज्ञान हवं असतं, म्हणून तो स्वयंपाकघराचा दाखला मागतो. आंबे पक्षी असल्याचा सिलॉजिझम त्याने दारातच अडवला असता. शिवाय न्यायदर्शनात तर्क हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, नाही. ‘आग नसती तर धूरही नसता’ असं म्हणून शंका छाटणं हे त्याचं काम. ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाच्या हातात तर्काचा परशू दिला आहे, तो मला यासाठी चपखल वाटतो.

गैरसमज : शेरलॉक होम्स करतो ते डिडक्शन, म्हणजे मान्य गोष्टींतून अटळपणे निघणारा निष्कर्ष.

नाही. पहिल्या भेटीत डॉक्टर वॉटसनचा रापलेला चेहरा आणि जखमी हात पाहून होम्स ‘तुम्ही अफगाणिस्तानातून आलेले दिसता’ म्हणतो, ती सगळ्यांत पटणारी अटकळ असते. चार्ल्स पर्सने अशा अनुमानाला अबडक्शन म्हटलं. ते चुकू शकतं. होम्सचं फारसं चुकत नाही, कारण लेखक त्याच्या बाजूने आहे.

गैरसमज : कॉम्प्युटरचं लॉजिक आणि आपल्या बोलण्यातलं लॉजिक एकच.

नातं आहे खरं. जॉर्ज बूलने 1854 च्या पुस्तकात तर्काचं बीजगणित विस्ताराने मांडलं, आणि 1937 मध्ये एमआयटीतल्या क्लॉड शॅननने मास्टर्सच्या प्रबंधात दाखवलं, की ते विजेच्या स्विचांनाही लागू पडतं. कॉम्प्युटरमधली लॉजिक गेट त्यातूनच आली. पण ‘चहा किंवा कॉफी?’ असं यजमानाने विचारलं तर ‘दोन्ही’ म्हणणारा पाहुणा आगाऊ ठरतो, आणि ऑर, म्हणजे ‘किंवा’, गेटला मात्र दोन्ही चालतात. दोन्हींपैकी एकच हवं असेल, तर त्यासाठी एक्स-ऑर नावाचं वेगळं गेट बसवावं लागतं.