घरातील उजेड आणि आल्बममधील माणसे

एके काळी छायाचित्र काढवून घेणे हा कुटुंबातील एक लहानसा समारंभच असे. पेटीतील घडीची वस्त्रे बाहेर निघत, मुलांचे केस तेल लावून चापूनचोपून बसविले जात आणि सारी मंडळी बाजारपेठेतील स्टुडिओच्या पायऱ्या चढत. तेथे पडद्यावर रंगविलेला महाल असे, उंच तिवईवर कागदी फुलांची फुलदाणी असे आणि काळ्या कापडात डोके खुपसून उभा राहिलेला छायाचित्रकार 'हलू नका' अशी सूचना देत असे. अशा रीतीने एका आयुष्यात माणसाची चार-सहा छायाचित्रे निघत. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आला आहे आणि एका बारशाचीच चारशे छायाचित्रे निघतात. परंतु त्यांतील किती पुन्हा पाहावीशी वाटतात, आणि ती चार-सहा जुनी छायाचित्रे मात्र कोठे व कोणत्या अवस्थेत आहेत, हे दोन्ही प्रश्न बेळगाव-निपाणी भागातील कोणत्याही घरात विचारण्याजोगे आहेत. दोहोंचे उत्तर घरातच सापडते, आणि त्यासाठी महागड्या उपकरणांची गरज लागत नाही.

छायाचित्र हे वस्तूचे नसते, वस्तूवर पडलेल्या प्रकाशाचे असते. म्हणून कॅमेरा हातात घेण्यापूर्वी आपल्या घरात उजेड कोठून येतो, केव्हा येतो आणि कसा ओसरतो हे एक दिवस नुसते पाहावे. या भागातील जुन्या कौलारू घरांत उजेडाची एक नामी सोय असते. माजघराच्या छपरात एखादे काचेचे कौल बसविलेले असते आणि त्यातून उतरणारा कवडसा दिवसभर जमिनीवरून सरकत राहतो. त्या कवडशात चेहरा धरला तर कपाळ व नाक पांढरेफटक होऊन डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. पण कवडशाच्या शेजारी, त्याचा परावर्तित उजेड पडतो तेथे बसलेले माणूस अत्यंत सौम्य दिसते. कौलाखाली जुन्या धोतराचा एकेरी पडदा बांधला, तरी तोच परिणाम साधतो. नव्या सिमेंटच्या घरात हेच काम खिडकी करते. उत्तरेकडील खिडकीतून बहुतेक वर्षभर थेट ऊन येत नाही, त्यामुळे तिचा उजेड स्थिर व मऊ असतो. पावसाळ्यात बेळगावावर आठवडेच्या आठवडे ढगांचे आच्छादन राहते. त्या दिवसांना छायाचित्रासाठी निरुपयोगी समजणे चुकीचे होय. ढगाळ आकाश म्हणजे एक विस्तीर्ण पांढरा दिवाच असतो, आणि सोप्याच्या दारापासून हातभर आत बसविलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर तो एकही कठोर सावली पडू देत नाही.

येथे तीन पथ्ये लक्षात ठेवावीत. पहिले, खिडकीचा उजेड घेताना खोलीतील दिवे मालवावेत. दिव्याचा पिवळा आणि आकाशाचा निळसर असे दोन रंग एकाच चेहऱ्यावर मिसळले, तर ते मागाहून दुरुस्त करणे फार कठीण जाते. दुसरे, माणसाला खिडकीकडे पाठ करून बसवू नये. कॅमेऱ्याचे यंत्र साऱ्या दृश्याची सरासरी काढून उजेड मोजते. मागे लख्ख खिडकी असली की ते फसते आणि चेहरा काळवंडतो. तसे बसविणे भागच असेल, तर पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवून उजेड वाढवावा. तिसरे पथ्य अंतराचे. लहान दिव्यापासून अंतर दुप्पट केले की प्रकाश निम्मा न होता चतुर्थांश होतो. खिडकीचा उजेड इतक्या झपाट्याने नव्हे, तरी बराच वेगाने ओसरतो. म्हणून माणसाला दोन हात पुढे सरकविणे हा उजेड वाढविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. चेहऱ्याची अंधारी बाजू उजळायची असेल, तर त्या बाजूला पांढरा पुठ्ठा किंवा धुतलेली चादर धरावी.

उजेडाला असे हाताळण्याची परंपरा या भागाला परकी नाही. निपाणीपासून अवघ्या चाळीसेक किलोमीटरांवर असलेल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी स्वतःच्या कारखान्यात तयार केलेल्या कॅमेऱ्यावर १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट पूर्ण केला. ते मूळचे चित्रकार. उजेड आणि सावली यांचा हिशेब त्यांनी प्रथम कुंचल्याने शिकून घेतला व मग तो भिंगाकडे नेला. साधन विकत मिळत नसेल तर ते घडवावे, ही त्यांची वृत्ती घरगुती छायाचित्रकाराला आजही उपयोगी पडणारी आहे. अंधूक उजेडात फोन हातात स्थिर राहत नसेल, तर तांदळाचा डबा हीच त्याची तिवई समजावी.

विषयांसाठीही घराबाहेर जाण्याचे कारण नाही. बेळगावचा कुंदा समोरून उजेड टाकून टिपला तर तो तपकिरी गोळ्यासारखा दिसतो. तोच खिडकी मागच्या बाजूला तिरकी येईल असा ठेवला, की त्याचा रवाळपणा आणि त्यावरील तुपाची झाक उठून दिसते. शहापूर-वडगावच्या मागांवर विणलेल्या साडीचा पोत पाहायचा असेल, तर उजेड कापडाला जवळजवळ समांतर यावा, म्हणजे प्रत्येक धाग्याची सावली शेजारच्या धाग्यावर पडते. शाळेला सुटी लागलेल्या मुलांसाठी तर याहून मनोरंजक उद्योग आहे. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटासाठी भांडवल उभे करण्यापूर्वी, १९१२ च्या सुमारास, कुंडीत वाटाणा पेरला आणि ठराविक अंतराने एकेक चौकट टिपून रोपाची वाढ पडद्यावर चालती-बोलती करून दाखविली. पूर्वी छायाचित्रकाराचा व्यवसाय केलेल्या या गृहस्थाने भारतीय चित्रपटाची ही पूर्वतयारी घरातील एका कुंडीवर केली. आज हा प्रयोग कोणत्याही घरात होऊ शकतो. फोन एका जागी पक्का बसवून भिजविलेल्या वालाचे दिवसातून बारा वेळा, असे दहा दिवस छायाचित्र घेतले, तर एकशेवीस चौकटी होतात. सेकंदाला बारा या गतीने त्या दाखविल्या, म्हणजे दहा सेकंदांत अंकुर डोके वर काढताना दिसतो.

वस्तूंपेक्षा माणसे टिपणे अवघड, कारण कॅमेरा समोर येताच माणूस स्वतःला विसरण्याऐवजी सावरू लागतो. याचे एक उत्तर निपाणीतच सापडते. तेथील तंबाखू वखारींत राबणाऱ्या स्त्रियांच्या संघर्षावर 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ साली एक माहितीपट तयार केला. कॅमेरा उघडण्यापूर्वी त्या गटाने कामगार स्त्रियांच्या सहवासात दिवस घालविले आणि त्यांचे म्हणणे त्यांच्याकडूनच समजून घेतले. घरातील माणसालाही हाच न्याय लावावा. आजीला 'इकडे बघ, हस' असे सांगून खुर्चीवर बसविण्यापेक्षा, ती तांदूळ निवडत असताना किंवा वाती वळत असताना शेजारी बसावे, बोलत राहावे आणि कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा. तिची संमती मात्र आधी घ्यावी. तिला नको असेल ते छायाचित्र चार नातेवाइकांना पाठविण्याचा अधिकार नातवंडांनाही पोचत नाही.

आता त्या चार-सहा जुन्या छायाचित्रांकडे वळले पाहिजे. खानापूर-बेळगावकडील पावसाळी हवा त्यांची मोठी शत्रू आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली, की कागदावरील सरसासारख्या थरावर बुरशी धरू लागते. भिंतीवर टांगलेल्या तसबिरीत ओल शिरली तर छायाचित्र काचेलाच चिकटते. १९७० नंतरच्या बऱ्याच रंगीत छायाचित्रांतील निळसर रंग विरतो आणि माणसे तांबूस दिसू लागतात. चिकट पानांच्या आल्बममधील गोंदही काळाबरोबर कागद खराब करतो. ही हानी एका दिवसात होत नाही, म्हणूनच ती कोणाच्या लक्षात येत नाही.

यावर घरच्या घरी करता येण्याजोगा उपाय म्हणजे मूळ छायाचित्राची काळजीपूर्वक प्रत घेणे. दसऱ्यानंतरचा एखादा कोरडा दिवस निवडावा. हात धुऊन कोरडे करावेत. छायाचित्र ओल्या फडक्याने कदापि पुसू नये. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी. ते खिडकीजवळ, पण उन्हाबाहेर, सपाट ठेवावे आणि फोन त्याला अगदी समांतर धरावा. फ्लॅश बंद असावा. पृष्ठभागावर चकाकी दिसली तर उजेड तिरका येईल असे छायाचित्र फिरवावे. काचेला चिकटलेले छायाचित्र ओढून काढू नये. ओढले की चेहराच काचेवर राहतो. त्याची प्रत काचेतूनच घ्यावी आणि काचेत फोनचे प्रतिबिंब पडू नये म्हणून भिंगापुरते छिद्र पाडलेले काळे कापड फोनपुढे धरावे. प्रत झाल्यावर मूळ छायाचित्रे साध्या कागदाच्या पाकिटांत घालून कोरड्या कपाटात, जमिनीपासून व बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावीत.

पुढची बाजू टिपून काम संपत नाही, कारण या सीमाभागात छायाचित्राची मागची बाजू कित्येकदा अधिक बोलकी असते. तेथे स्टुडिओचा शिक्का असतो, कोणाची तरी नावे असतात. कधी देवनागरीत, कधी कन्नड लिपीत, क्वचित मोडीत. शिक्क्यातील पत्त्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. शहापूर हे १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. बेळगाव व निपाणी हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. त्यानंतर पत्त्यावर म्हैसूर राज्य आले आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. सहा अंकी पिन क्रमांक असेल, तर तो शिक्का १९७२ नंतरचा. अशा खुणा जुळवून दशकापर्यंत पोचता येते. मात्र अंदाजाला पुराव्याचे रूप देऊ नये. घोळक्यातील माणसांच्या डोक्यावर गांधी टोप्या दिसल्या, एवढ्यावरून ते छायाचित्र गांधीजींच्या अध्यक्षतेखाली १९२४ च्या डिसेंबरात भरलेल्या बेळगाव काँग्रेसचे ठरत नाही. जेथे खात्री नाही, तेथे तारखेपुढे प्रश्नचिन्ह घालणे हाच प्रामाणिकपणा होय.

हाच प्रामाणिकपणा संपादनात लागतो. पूर्वी अंधाऱ्या खोलीत रसायनांच्या थाळ्यांवर जे काम चाले, ते आता फोनच्या पडद्यावर होते. त्याचा क्रम साधा आहे. प्रथम चित्र सरळ करावे, मग कडांचा अनावश्यक भाग छाटावा, नंतर उजेड, मग गडद-फिक्याचा फरक आणि शेवटी रंगाची झाक सुधारावी. प्रत्येक पायरीवर थोडे थांबून मूळ चित्राशी ताडून पाहावे. मूळ प्रत कधीही पुसू नये. सुधारलेली प्रत वेगळ्या नावाने, आणि दोन्ही प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. अलीकडे अस्पष्ट चेहरा क्षणार्धात रेखीव करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. त्यांचे कौतुक करण्यापूर्वी ती काय करतात हे समजून घेतले पाहिजे. कागदावरून जे डोळे पुसले गेले, ते या साधनांना परत मिळत नाहीत. इतर असंख्य चेहरे पाहून ती नवे डोळे रचतात आणि पणजीच्या चेहऱ्यावर बसवितात. हौसेखातर तसे चित्र करण्यास हरकत नाही, परंतु ते पणजीचे छायाचित्र म्हणून आल्बममध्ये जाऊ नये. पुढच्या पिढीला दोहोंतील भेद कळण्याचा मार्ग उरणार नाही. डाग राहिला तरी चालेल, चेहरा खरा राहिला पाहिजे.

या साऱ्या खटाटोपात घाई कशाची करावी, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर रसायनशास्त्रात नाही. कागद आणखी दहा पावसाळे कदाचित तग धरील. परंतु मागच्या रांगेत डावीकडून तिसरा मुलगा कोण, आणि काठापदराचे लुगडे नेसून कडेला उभी असलेली बाई कोणाची मावशी, हे सांगू शकणारे माणूस घरात बहुधा एकच उरलेले असते आणि त्याचे वय झालेले असते. म्हणून येत्या रविवारी सोप्याच्या दाराशी, बाहेरून येणाऱ्या उजेडात आजीला बसवावे, जुना आल्बम तिच्या मांडीवर द्यावा आणि ती एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नावे सांगेल तशी ती लिहून घ्यावीत. फोनवर तिचा आवाजही घ्यावा. आणि ती आल्बममध्ये रमलेली असताना तिचे एक छायाचित्र घ्यावे. त्याच्या मागे मात्र नाव, गाव आणि तारीख त्याच दिवशी लिहावी.