दाढ काढली, तरी कळ तशीच?
मावशीच्या दोन दाढा गेल्या, कळ मात्र राहिली. सकाळी चूळ भरताना ओठाला पाणी लागलं की विजेचा झटका बसल्यासारखी ती गाल धरून थिजायची. अर्ध्या मिनिटात सगळं शांत. दुखणं दाताचं नव्हतंच! ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या पाचव्या मज्जातंतूचा आजार.

या तंतूच्या तीन फांद्या: कपाळ-डोळा, वरचा जबडा, खालचा जबडा. दातांची संवेदना खालच्या दोन फांद्यांतून जाते, म्हणून फसगत होते. बहुतेकदा मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी या तंतूवर दाबून बसलेली असते.

फरक ओळखायचा कसा? किडलेली दाढ ठणकते, रात्री झोपू देत नाही. ही कळ काही सेकंद ते दोन मिनिटं टिकते, सहसा एकाच बाजूला. ब्रश, दाढी, वाऱ्याची झुळूकही पुरते. पन्नाशीनंतर जास्त, त्यातही बायकांना. साध्या वेदनाशामकांनी ती हटत नाही. कार्बामाझेपिनने बहुतेकांना आराम पडतो. ते फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कारण रक्ततपासण्या लागतात.

एक्स-रेत दात निरोगी दिसतोय? मग कृपा करून तो काढू नका, आधी न्यूरोलॉजिस्टना दाखवा. तरुण वयात असं दुखलं किंवा गाल बधिर झाला, तर एमआरआयबद्दल नक्की विचारा.