वाळूच्या टेकड्यांचें मोल

महसुली दप्तरांत ज्या जमिनीस आकार बसत नाहीं ती जमीन निरुपयोगी, अशी समजूत आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. समुद्रकांठच्या वाळूच्या टेकड्या अशाच जमिनींपैकीं होत. तेथें नांगर चालत नाहीं व पीक येत नाहीं. म्हणून कागदोपत्रीं त्यांची नोंद पड किंवा पोटखराबा अशी होते, आणि एखादा धनवान गृहस्थ ती जागा मागावयास आला म्हणजे गांवास आयतेंच घबाड मिळालें असें पुष्कळांस वाटूं लागतें. असें एक प्रकरण स्कॉटलंड देशांत नुकतेंच घडून गेलें. आमच्या किनाऱ्यावरील बागाईतदार व खातेदार बंधूंनीं समजून घेण्याजोगें तें आहे, म्हणून त्याची हकीकत येथें देत आहों.

प्रथम वाळूची टेकडी म्हणजे काय तें पाहूं. भरतीनें किनाऱ्यावर आणून टाकलेली वाळू ओहोटीच्या वेळीं सुकते आणि वाऱ्याबरोबर जमिनीकडे उडूं लागते. वाटेंत एखादी वेल किंवा गवताचा झुबका आडवा आला कीं ती तेथें थबकते व तिचा ढीग होतो. वाळू जसजशी सांचते तसतशी ती वनस्पतिही वर चढते व आपल्या मुळ्यांनीं वाळूस बांधून धरते. आमच्या कोंकणांत हें काम मर्यादवेल व रावणमिशी करितात. उत्तर युरोपांत मॅरम नांवाचें उंच व ताठ पात्याचें गवत करितें. मोठें उधाण आलें म्हणजे समुद्र टेकडीचा पायथा कापून नेतो. परंतु लाटांचा जोर त्या वाळूवरच खर्ची पडल्यामुळें मागील शेतें वांचतात, आणि पुढें शांत ऋतूंत पुष्कळशी वाळू पुन्हां किनाऱ्यास लागते. खारबांध फुटला तर गांवकऱ्यांस वर्गणी काढून व राबून तो बांधावा लागतो. टेकडी आपली डागडुजी आपणच करिते. शिवाय पावसाचें पाणी वाळूंत मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर राहतो, व त्याच्या आधारानें किनाऱ्याजवळच्या विहिरी गोड्या राहतात. मात्र ह्या सर्वांस एक अट आहे. वाळूस हालण्यास मोकळीक पाहिजे.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर अॅबर्डीन शहराच्या उत्तरेस बाल्मेडी नांवाचें गांव आहे. त्याच्या शेजारीं मेनी नांवाची जहागीर असून तिच्या समुद्राकडील बाजूस फॉवरन लिंक्स ह्या नांवाच्या टेकड्या आहेत. लिंक्स म्हणजे समुद्रकांठची उंचसखल वाळवट जमीन. काठीनें चेंडू टोलवीत जाण्याचा गोल्फ हा खेळ मूळ अशाच जमिनीवर वाढला. मेंढ्यांनीं चरून आंखूड केलेल्या हिरवळीवर जुने लोक तो खेळत. तेव्हां त्या देशांत टेकड्या व हा खेळ यांचें मुळांत वैर नाहीं, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. फॉवरनचा विशेष हा कीं, तेथील वाळूचा एक विस्तीर्ण पट्टा गवतानें बांधला न गेल्यामुळें वाऱ्याबरोबर सतत पुढें सरकत असे. अशी जिवंत टेकडी ब्रिटनमध्यें विरळा. म्हणून सरकारनें ती जागा शास्त्रीय दृष्ट्या विशेष महत्त्वाची ठरवून संरक्षित केली होती.

इ. स. २००६ मध्यें अमेरिकेंतील इमारतींचे व्यापारी डोनाल्ड ट्रम्प यांनीं ही जहागीर विकत घेतली. हेच गृहस्थ पुढें २०१७ सालीं त्या देशाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या कंपनीच्या योजनेंत गोल्फचीं दोन मैदानें, ४५० खोल्यांचें हॉटेल, सुटी घालविण्यासाठीं ९५० घरें आणि कायम राहण्यासाठीं ५०० घरें होतीं. खर्च एक अब्ज पौंड होईल व सुमारें ६,००० लोकांस काम मिळेल, असें सांगण्यांत आलें. तो मुलूख खनिज तेलाच्या धंद्यावर पोसलेला, आणि तो धंदा आज ना उद्यां ओसरणार हें सर्वांस ठाऊक होतें. त्यामुळें व्यापारी मंडळी व बरेच रहिवासीही योजनेस अनुकूल होते. त्यांस मूर्ख किंवा स्वार्थी म्हणणें अन्यायाचें होईल. पोरांस घराजवळ काम मिळावें ही इच्छा कोणत्या गांवास नसते?

हरकतदारांचें म्हणणें मात्र नेमकें होतें. संपूर्ण योजनाच नको असें कांहींजण म्हणत. परंतु निसर्गरक्षणाचें काम पाहणाऱ्या सरकारी खात्याची मुख्य हरकत ही होती कीं, मैदानाचा जो भाग सरकत्या टेकडीवर येतो तो तेथें नसावा. कंपनीनें तें मान्य केलें नाहीं. नोव्हेंबर २००७ मध्यें अॅबर्डीनशायर कौन्सिलच्या कमिटीपुढें अर्ज आला. मतें समसमान पडलीं, तेव्हां अध्यक्ष मार्टिन फोर्ड यांनीं आपलें निर्णायक मत विरुद्ध देऊन अर्ज नामंजूर केला. पुढील महिन्यांत त्यांस अध्यक्षपदावरून दूर करण्यांत आलें, आणि स्कॉटलंडच्या सरकारनें प्रकरण आपल्याकडे मागवून घेतलें. जून २००८ मध्यें जाहीर चौकशी झाली. टेकडीची हानि होईल हें तींत नाकारलें गेलें नाहीं. परंतु आर्थिक लाभ त्याहून मोठा आहे असें ठरवून नोव्हेंबर २००८ मध्यें परवानगी देण्यांत आली.

आतां राहिले शेजारचे जमीनधारक. त्यांपैकीं मायकेल फोर्ब्स हे लहानसे शेतकरी असून सामन मासे धरण्याचाही धंदा करीत. कंपनीनें देऊं केलेली रक्कम त्यांनीं नाकारली. त्यांच्या शेतवाडीची ट्रम्प यांनीं जाहीरपणें निंदा केली, तरी ते हलले नाहींत. २००९ सालीं कंपनीनें अशी मागणी पुढें आणिली कीं, कौन्सिलनें आपला अधिकार वापरून हीं घरें व जमिनी सक्तीनें संपादन कराव्या. तेव्हां विरोधकांनीं एक युक्ति केली. २०१० सालीं फोर्ब्स यांच्या जमिनींतील सुमारें एक एकराचा तुकडा त्यांनीं घेतला, आणि त्याचे सहमालक म्हणून हजारों लोकांनीं आपलीं नांवें दिलीं. एका एकरास हजारों खातेदार असले म्हणजे नोटिसा बजावतां बजावतां संपादन करणाऱ्याची काय अवस्था होईल, हें तलाठ्याच्या चावडींत एकदां बसलेल्या कोणासही सांगावयास नको. जानेवारी २०११ मध्यें कंपनीनें सक्तीच्या संपादनाचा विचार सोडल्याचें जाहीर केलें.

घरें राहिलीं, पण टेकडी राहिली नाहीं. मैदान स्थिर राहावें म्हणून सरकत्या वाळूवर मॅरम गवत लावण्यांत आलें, उंचवटे यंत्रांनीं घडविण्यांत आले, व जुलै २०१२ मध्यें मैदान खुलें झालें. ४५० खोल्यांचें हॉटेल उभें राहिलें नाहीं. जहागिरीच्या जुन्या वाड्यांतच लहानसें हॉटेल काढण्यांत आलें. सांगितलेल्या हजारों नोकऱ्या आल्या नाहींत, आणि कंपनीच्या स्वतःच्या हिशेबांत पहिलीं दहा वर्षें तोटाच दिसतो. डिसेंबर २०२० मध्यें सरकारी खात्यानें फॉवरन लिंक्सचा संरक्षित दर्जा काढून घेतला. ज्या गुणांकरितां जागा राखली होती ते गुण तेथें पुरेसे उरले नाहींत, हें त्याचें कारण. २०२५ सालीं दुसरें मैदानही खुलें झालें.

ह्या हकीकतीचें सार आम्हांस असें दिसतें. कागदावरील संरक्षणानें टेकडी वांचली नाहीं. टेकडी गेली तेव्हां कागदही गेला. उलट ज्या जमिनींवर संरक्षणाचा कोणताही शिक्का नव्हता, त्या केवळ धन्यांनीं विकल्या नाहींत व शेजाऱ्यांनीं त्यांस साथ दिली म्हणून वांचल्या.

सर्वत्र असेंच घडतें असेंही नाहीं. त्याच देशाच्या उत्तर भागांत डॉर्नॉक गांवाजवळ कूल लिंक्स नांवाच्या टेकड्या आहेत. तेथेंही मैदानाची योजना निघाली व जून २०१८ मध्यें हायलंड कौन्सिलनें ती मंजूर केली. प्रकरण सरकारकडे गेलें, २०१९ सालीं जाहीर चौकशी झाली. टेकड्यांमधील पाणथळ सखल जागा, तेथील पक्षी, फार काय त्या किनाऱ्याखेरीज जगांत अन्यत्र न आढळलेली एक लहानशी माशी, ह्या सर्वांची तपशीलवार माहिती पुढें मांडण्यांत आली, आणि फेब्रुवारी २०२० मध्यें सरकारनें परवानगी नाकारली. गांवांत तेथेंही मतभेद होते, व २०२३ सालीं दुसरा अर्ज दाखल झाला. म्हणजे एकदां जिंकलें तरी पहारा उठवितां येत नाहीं.

आमच्या देशांत २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेनें वाळूच्या टेकड्यांस पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक वर्गांत घातलें, व २०१९ च्या अधिसूचनेंतही त्या त्याच वर्गांत आहेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्यान्वयें खाजगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची तर सामान्यतः बाधित कुटुंबांपैकीं निदान ८० टक्क्यांची संमति लागते. हीं साधनें चांगलीं आहेत. परंतु नकाशावर जी टेकडी दाखविलेली नाहीं ती कायद्यास दिसत नाहीं. तेव्हां किनारा व्यवस्थापनाच्या आराखड्याचा मसुदा हरकतींसाठीं प्रसिद्ध होईल त्या वेळीं आपल्या गांवची टेकडी त्यांत आहे किंवा नाहीं हें प्रत्येकानें पाहावें. नसल्यास सर्व्हे नंबर देऊन मुदतींत लेखी हरकत द्यावी व तिची पोंच घ्यावी. टेकडीची रुंदी किती, मागील विहिरींचें पाणी कितपत गोडें, ह्याची नोंद ग्रामसभेनें दरवर्षीं ठेवावी; वादाच्या वेळीं अशीच जुनी नोंद उपयोगी पडते.

आणि कोणी मोठी योजना घेऊन आला तर त्यास दारांतूनच परत पाठवावें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यास दोन प्रश्न विचारावे. सांगितलेल्या नोकऱ्यांचा आंकडा करारांत लिहून देतां काय? आणि हें बांधकाम टेकडी सोडून आंतल्या जमिनीवर होणार नाहीं काय? ह्या दोहोंचीं उत्तरें लेखी मिळेपर्यंत गांवानें कोणत्याही कागदावर सही करूं नये.