ध्वनिमुद्रणगृहाची निवड

गाणें शिकण्यास वर्षें लागतात, पण तें साठवून ठेवण्यास एक दुपार पुरते, अशी आमची समजूत होती. गतवर्षीं आमच्या शाळेच्या गायकवृंदानें गुरुजींच्या कांहीं प्रार्थनागीतांचें ध्वनिमुद्रण करण्याचें ठरविलें, तेव्हां ही समजूत किती भ्रामक होती हें आम्हांस कळून आलें. गुरुजी वर्षअखेर सेवानिवृत्त व्हावयाचे होते. त्यांनीं बांधलेल्या चाली कोठेंही लिहिलेल्या नव्हत्या. त्या त्यांच्या गळ्यांत व आमच्या कानांत काय त्या होत्या. अशा वेळीं जागेची निवड चुकली तर काय होतें, व ती कशी करावी, हें आमच्यामागून येणाऱ्या विद्यार्थ्यांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु.

पूर्वीं निवडीचा प्रश्नच नव्हता. १९०२ सालच्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले व एका हॉटेलच्या खोलींत त्यांनीं गौहर जान यांचें गाणें तबकडीवर उतरविलें. समोर मोठा कर्णा. त्यांत तोंड घालून गावयाचें व राग अवघ्या तीन मिनिटांच्या आसपास आटोपावयाचा. गाणें संपतांच त्या आपलें नांव मोठ्यानें सांगत, तें आजही तबकडीवर ऐकूं येतें. यंत्र सांगेल तसें गायकानें वागावें, असा तो काळ. १९२५ च्या सुमारास विजेचा ध्वनिग्राहक आला, आणि तेव्हांपासून गायकाइतकीच खोलीही गाऊं लागली.

खोली गाते म्हणजे काय? ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर वेगानें धांवतो, भिंतींवर आपटतो व परत येतो. हा परतीचा नाद हळूहळू विरत जातो. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयांत एक व्याख्यानगृह होतें. तेथें वक्त्याचें एक अक्षर समजत नसे. १८९५ सालीं वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे हें दुखणें सोंपविण्यांत आलें. त्यांनीं रात्रीच्या शांततेंत ऑर्गनची एक नळी वाजवून तिचा नाद किती वेळ टिकतो तें घड्याळ लावून मोजलें. रिकाम्या दालनांत तो सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही! मग शेजारच्या नाट्यगृहांतील आसनांच्या गाद्या आणून एकेक मांडीत गेले, तसतसा तो घुमा कमी होत गेला. खोलीचें आकारमान जितकें मोठें तितका नाद अधिक टिकतो, व गाद्या, पडदे, माणसें जितकीं अधिक तितका तो लवकर शोषला जातो, हा नियम त्यांतून निघाला. भाषणास नाद एका सेकंदाच्या आंत विरलेला बरा. वृंदगानास मात्र दोन सेकंद किंवा त्याहूनही अधिक चालतो, नव्हे, हवाच असतो.

म्हणून उत्तम ध्वनिमुद्रणगृह असें कोणतेंही नाहीं. अमक्या संगीतास उत्तम, असेंच म्हणावें लागतें. लंडनचें ॲबी रोड येथील प्रसिद्ध गृह १९३१ सालीं सर एडवर्ड एल्गार यांच्या वाद्यवृंदसंचालनानें उघडलें, तेव्हां त्यांत लहानमोठ्या तीन खोल्या मुद्दाम केलेल्या होत्या. न्यूयॉर्क येथें कोलंबिया कंपनीनें तर तिसाव्या रस्त्यावरील एक जुनें उंच छताचें चर्चच घेतलें. १९४९ पासून १९८१ पर्यंत तेथें काम चाललें, व पुढें ती वास्तु पाडण्यांत आली. १९५५ सालीं ग्लेन गूल्ड यांनीं बाख यांच्या गोल्डबर्ग रचना तेथेंच वाजविल्या. ते आपली वडिलांनीं करून दिलेली बुटकी खुर्ची बरोबर घेऊन आले होते, व वाजवितांना ते गुणगुणत, तें ध्वनिमुद्रणांतून कांहीं निघालें नाहीं. १९५९ सालीं माइल्स डेव्हिस यांनीं आपलें सर्वांत गाजलेलें जॅझवादन त्याच छताखालीं केलें. देवाच्या घरांत सर्वांना जागा असते, ती अशी.

आमची चूक येथेंच झाली. आम्ही शहरांतील एका झकपक ध्वनिमुद्रणगृहांत गेलों. तेथें जाड गालिचे, भिंतींवर स्पंज, आणि तबल्यास व पेटीस कांचेआड वेगळ्या खोल्या होत्या. चित्रपटगीतें व जाहिराती यांना हें सोईचें असतें, कारण प्रत्येक वाद्य निराळें मुद्रित करून मागाहून जुळवितां येतें. परंतु आम्हांस ताल गुरुजींच्या डोळ्यांच्या इशाऱ्यावर धरण्याची संवय. कानांवर श्रवणयंत्रें चढवितांच शेजाऱ्याचा आवाज ऐकूं येईना. मुलगे ओरडूं लागले, मुलींचे स्वर पातळ झाले. थंड कोरड्या हवेनें तबला सारखा चढे. तासाचा दर ठरलेला. तीन तासांत वर्गणी संपली, आणि हातीं आलें तें निर्जीव. त्या मंडळींचा यांत दोष नाहीं. आम्ही विचारलेंच कांहीं नव्हतें.

काय विचारावयास हवें होतें? आपल्या जातीचें संगीत त्या ध्वनिमुद्रकानें पूर्वीं केलें असल्यास तें ऐकावें. खोलीच्या मध्यभागीं एक टाळी वाजवून ती कशी विरते तें पाहावें. मग दोन मिनिटें मुकाट्यानें बसावें. पंखा, रस्ता, वरच्या मजल्यावरील खुर्च्या, सर्व आपोआप कळतें. सर्वांस एकत्र बसतां येईल काय, वाद्यें लावण्याचा वेळ दरांत धरतात काय, आणि मूळ मुद्रणाची प्रत आपणांस मिळेल काय, हें आधींच ठरवावें. यंत्रांच्या किमतीविषयीं आम्हांस बरेंच सांगण्यांत आलें, पण त्यानें आमचें कांहीं अडलें नव्हतें.

अखेर गुरुजीच म्हणाले, “मुलांनो, आपलें प्रार्थनामंदिर काय वाईट आहे?” दगडी भिंती, उंच कौलारू छत, लांकडी बांकें. एका रविवारीं पहांटे, रस्ता जागा होण्यापूर्वीं, एक ध्वनिमुद्रक दोन ध्वनिग्राहक घेऊन आला. त्यानें आम्हांस अर्धवर्तुळांत उभें केलें, गुरुजींस मध्यें बसविलें, व घुमा जास्त वाटला तेथें वसतिगृहांतील सतरंज्या पसरल्या. सात गीतें दोन तासांत झालीं. तिसऱ्या गीताच्या शेवटीं एक कावळा ओरडला आहे, व पांचव्यांत गुरुजींस खोकला आला आहे. तें गीत पुन्हां घ्यावें काय, असें ध्वनिमुद्रकानें विचारलें. आम्ही नको म्हणालों.